अंगोनोचा फ्रेमवाला

पहाटे 5.00
लाकडावरून लोहचुंबक फिरतोय. पट्ट्या जुन्या पॅलेटच्या आहेत. बंदरात मालाच्या पेट्यांखाली घालतात ते पाइनचे पाट, सुटे करून विकलेले. इथे या लाकडाला पालोचिना म्हणतात. चुंबक एका जागी चिकटतो. पक्कड येते, खिळा निघतो, डब्यात टण्ण वाजतो. एक खिळा राहिला तरी करवतीच्या पात्याचे दात जातात आणि नवं पातं 850 पेसोंना पडतं. पेसो म्हणजे साधारण दीड रुपया.

मग शिक्का शोधायचा. पट्टीवर ‘एचटी’ असं डागलेलं असेल, तर लाकूड तापवून कीड मारलेली आहे. ‘एमबी’ असेल, तर विषारी वायूची धुरी दिलेली आहे. ती पट्टी वेगळी काढायची, चुलीतसुद्धा घालायची नाही.

माणूस 58 वर्षांचा आहे. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, डाव्या अंगठ्याचं नख काळं पडलेलं. मनिलाच्या पूर्वेला, लागुना दे बाय या मोठ्या सरोवराच्या काठी, रिसाल प्रांतात अंगोनो नावाचं गाव आहे. फिलिपिन्समध्ये या गावाला कलेची राजधानी म्हणतात. हा तिथला फ्रेमवाला. गल्लीत सगळे त्याला ‘कुया’ म्हणतात, म्हणजे दादा. इथेही तेच नाव चालेल.

यंत्र सातच्या आत सुरू करायचं नाही. शेजारी झोपलेले असतात. तोवर हातकाम.

पहाटे 5.45
काल रात्री चिकटवलेली चौकट शिकंज्यातून निघते. कॅनव्हास ताणायची ही आतली चौकट. कुया चारही कोपऱ्यांना गुण्या लावतो. बरोबर दिसतात. तरी तो दोरी घेतो आणि एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकं माप काढतो, मग दुसऱ्या बाजूने. दोन मापांत दोन मिलिमीटरचा फरक येतो. लाकडी हातोडीचा हलका टोला, पुन्हा दोरी. आता जुळलं.

कापड ताणायची रीत ठरलेली आहे. आधी चारही बाजूंच्या मध्यावर एकेक स्टेपल. मग मध्यापासून कोपऱ्यांकडे, इकडे एक, समोर एक. रुंद तोंडाच्या पकडीने कापड धरायचं, मनगट खाली दाबायचं, स्टेपल मारायचा. जास्त ताणलं तर पुढे कोपऱ्यांतल्या रंगाला भेगा पडतात, म्हणून तो थोडं कमीच ताणतो आणि आतल्या कोपऱ्यांत लाकडी पाचरा ठेवतो. कापड सैल पडलं की पाचर एक टोला आत ठोकायची.

हा कॅनव्हास दुकानातून आणलेला आहे. कुयाच्या तरुणपणी पुष्कळ चित्रकार पिठाच्या पोत्याचं कापड, कात्सा, धुऊन त्यावर रंगवायचे. नाही तर लावानित, म्हणजे तपकिरी हार्डबोर्ड. जुन्या फिलिपिनो चित्रांच्या पाट्यांवर ‘तैलरंग, लावानित’ अशी नोंद अजून दिसते. बोर्डाला वाळवी लागते, कात्साला बुरशी धरते. दोन्ही दुरुस्तीला येतात ती इथेच.

सकाळी 6.40
कॉफीची पुडी 10 पेसो, पानदेसालचे मऊ पाव 5 पेसोंना एक. चार पाव, त्याच्यात आणि माझ्यात. पाव हातात घेऊनच कुया चालायला लागतो. पायाला वळण पडलेलं आहे, रस्ता न बघता तो दोन्या आउरोरा गल्लीत शिरतो.

या गल्लीत कार्लोस ‘बोतोंग’ फ्रान्सिस्को यांचं घर आहे. जन्म 1912, मृत्यू 1969, राष्ट्रीय कलाकार हा किताब मरणानंतर, 1973 मध्ये. गल्लीच्या भिंतींवर त्यांची चित्रं सिमेंटमध्ये उठावाने केलेली आहेत. कोळी, जत्रा, लढाया, नदीकाठच्या बाया. मनिलातल्या सरकारी इस्पितळासाठी त्यांनी 1953 मध्ये फिलिपिन्समधल्या वैद्यकाचा इतिहास चार मोठ्या कॅनव्हासवर रंगवला. मूळ चित्रं आता राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. गावाजवळच्या डोंगरातल्या कातळावर कोरलेल्या जुन्या मानवाकृती 1965 मध्ये जगासमोर आणल्या त्याही त्यांनीच. त्या 127 आहेत.

एका सिमेंटच्या कोळ्याच्या खांद्यावर शेवाळ चढलंय. कुया ते अंगठ्याने खरवडतो.

“कामं मनिलाची घेतली, पण राहिले इथे,” तो म्हणतो. “म्हणून त्यांच्यामागून पोरं रंगवायला लागली. म्हणून माझं दुकान आहे.”

पोरं खरंच लागली. होसे ‘पितोक’ ब्लांको, त्यांची बायको आणि सातही मुलं चित्रकार. त्यांच्या घराचंच संग्रहालय झालं. नेमेसियो मिरांदा, ज्यांना सगळे नेमिरांदा म्हणतात, त्यांचं कलाघर याच गावात आहे. आणि ज्यांचं नाव गावाबाहेर कुणी ऐकलेलं नाही असे कितीतरी. कुयाचं गिऱ्हाईक म्हणजे मुख्यतः हे शेवटचे.

सकाळी 7.15
भाचा येतो. वय 22, रोज 500 पेसो आणि दुपारचं जेवण. तो कुयाला ‘तितो’ म्हणतो, म्हणजे मामा. आल्याआल्या कानात बोळे घालतो आणि यंत्राचं बटण दाबतो.

फ्रेमची पट्टी 45 अंशांत कापायची. हिशेब फुटांवर चालतो. दोन फूट बाय तीन फूट चित्राचा घेर 10 फूट. पट्टी तीन इंच रुंद असेल, तर आठ तिरक्या कापांत आणखी 2 फूट जातात. म्हणजे पट्टी 12 फुटांची. 65 पेसो फुटाने 780. पाठीचा बोर्ड, कड्या, तार यांचे 120. मजुरी 300. एकूण 1,200. गिऱ्हाईक म्हणतं, चित्र तर 10 फुटांचं आहे. मग कुया कोपऱ्यातलं टोपलं दाखवतो. त्यात त्रिकोणी तुकडे भरलेले असतात.

आज घाई आहे. 23 नोव्हेंबरला सान क्लेमेंतेची जत्रा. तेव्हा हिगांतेस निघतात, 10-12 फुटी कागदी राक्षसांची मिरवणूक. त्या आठवड्यात गावात ठिकठिकाणी प्रदर्शनं लागतात. पाच फ्रेमा आज संध्याकाळी पोचवायच्या आहेत. शिवाय एका शाळेची सहा प्रमाणपत्रं. प्रमाणपत्रांवर पैसे पटकन मिळतात, चित्रांवर उशिरा. कुया आधी चित्रांच्या पट्ट्या कापायला सांगतो.

सकाळी 9.00
तायतायला जायचं. मोटारसायकलला मालाचा सांगाडा जोडलेली ही गाडी, कोलोंग-कोलोंग. पेट्रोल 100 पेसो. रस्ता मनिला ईस्ट रोड, जीपनी नावाच्या प्रवासी गाड्यांच्या धुरातून. तायताय सुतारकामाचं आणि कपडे शिवण्याचं गाव आहे. कुया मोठ्या दुकानात जात नाही. मागच्या गल्लीत एक जण जुन्या घरांच्या खिडक्या, दरवाजे उतरवून विकतो. नाराचं झाड तोडायला खास परवाना लागतो. म्हणून नारा हवा असेल, तर मोडलेल्या घराची वाट बघायची.

खिडकीची एक चौकट निघते. कुया चाकूने रंगाची खपली काढतो, आतली लालसर तपकिरी रेषा दिसते, बोट ओलं करून त्यावर फिरवतो. भाव 900 वरून 750 वर येतो. महोगनीच्या तयार पट्ट्या 1,650. एकूण 2,400. काच वाटेतच घेतो, 1,100. काचेच्या दोन्ही बाजूंना भाच्याचा जुना टॉवेल. परतीला गाडी सायकलच्या वेगाने.

सकाळी 10.45
एक बाई आधीच येऊन बसल्यात. वय 66. सौदीत नर्स होत्या, आता पेन्शनवर आहेत. कुया वयाने लहान, तरी त्या त्याला कुया म्हणतात आणि तो त्यांना मॅम. बाईंचा छंद एकच: मनिलाबाहेरच्या चित्रकारांची कामं जमवणं. त्या जिथे जातात तिथून एखादं आणतात आणि मोठी रक्कम कधीच घालत नाहीत. आज त्यांनी चादरीत गुंडाळून तीन आणलीत. माझं लक्ष चित्रांच्या समोरच्या बाजूकडे. कुया तिन्ही पालथी घालतो.

पहिलं मिंदानाओ बेटावरच्या बुकिद्नोनचं. लांतापानच्या सोंग्को भागात, कितांगलाद डोंगराच्या पायथ्याशी तालाअंदिग लोक राहतात. त्यांच्यातले चित्रकार मातीने रंगवतात. आपापल्या परिसरातून लाल, पिवळी, तपकिरी, काळी माती आणायची, चाळायची, पाणी आणि गोंद घालून कॅनव्हासवर लावायची. चित्रात डोंगर आहे आणि त्याखाली वाद्यं घेऊन बसलेली माणसं. रंग विकतचा एकही नाही. ज्या डोंगराचं चित्र, त्याच डोंगराची माती.

कुया कॅनव्हासची खालची घडी भिंगाखाली धरतो. घडीत लाल भुकटीची बारीक रेघ साचली आहे.

“मॅम, ही गाडीत कशी ठेवली होती?”
“उभी.”
“आता आडवी न्यायची. आणि याला अॅक्रिलिक नाही, काच.”

कारण तो भाच्याला सांगतो, ऐकतो मी. अॅक्रिलिक पुसलं की त्यात वीज भरते. प्लास्टिकचा कंगवा कागदाचे कपटे ओढतो तशी ती मातीचे कण ओढून घेते. काच जड पडते, फुटते, पण ओढत नाही. शिवाय काच आणि चित्र यांच्यात अर्ध्या इंचाची पट्टी घालायची. मातीला काच टेकली नाही पाहिजे. 1,900 पेसो.

दुसरं नेग्रोस बेटावरच्या बाकोलोदचं, कागदावर शाईने केलेलं. ऊसतोडणीची टोळी. नेग्रोस म्हणजे साखरेचं बेट. तिथे हंगामापुरत्या येणाऱ्या तोडणी मजुरांना साकादा म्हणतात. 1980च्या दशकात साखरेचे भाव कोसळले आणि या बेटावर पोरं उपासमारीने गेली. त्याच काळात, 1986 मध्ये, बाकोलोदच्या चित्रकारांनी ‘ब्लॅक आर्टिस्ट्स इन एशिया’ हा गट काढला. नुनेलुसियो आल्वाराडो, चार्ली को हे त्यातले. आल्वाराडोंचे साकादा जाड काळ्या रेषेतले, डोळे मोठे, नजर थेट बघणाऱ्यावर रोखलेली. 1990 पासून याच बेटातून सुरू झालेलं ‘व्हिवा एक्सकॉन’ हे चित्रकारांचं संमेलन विसायास या बेटसमूहातल्या एकेका बेटावर भरतं. बाईंच्या चित्राचा कर्ता या पिढीनंतरचा. त्याच्या रेषेत ती नजर उतरलेली दिसते.

पाठीला मात्र चिकटपट्टी आहे. पिवळी पडलेली, तिचा गोंद कागदात शिरलेला. कुया जीभ टाळ्याला लावून ‘च्’ करतो. ही गरम पात्याने, नखाएवढी नखाएवढी सोडवायची. मग आबाकाच्या धाग्याच्या हातकागदाच्या दोन बिजागऱ्या आणि गव्हाच्या स्टार्चची खळ. पुढे कुणाला काढायचं झालं, तर ओल्या बोटाने सुटलं पाहिजे. 1,300.

हे चित्र बाईंनी चित्रकाराकडून घेतलेलं नाही, दुसऱ्या एका संग्राहकाकडून घेतलं, 8,000 पेसोंना. त्यातले 5 टक्के, म्हणजे 400, चित्रकाराला पोचावेत म्हणून त्या विकणाऱ्याशी अडून बसल्या. 1997च्या बौद्धिक संपदा कायद्याच्या कलम 200 मध्ये हा हक्क आहे: मूळ चित्र पुन्हा विकलं गेलं की 5 टक्के चित्रकाराचे, त्याच्या हयातीत आणि मरणानंतर 50 वर्षं वारसांचे. विकणारा कुरकुरला. शेवटी त्याने फोनवरून पैसे पाठवले. बाईंनी त्याची छापील प्रत आणली आहे. ती पाठीवरच्या पाकिटात जाईल.

तिसरं बागियोचं, डोंगराळ उत्तरेकडचं. पाइनच्या फळीवर भिंगातून उन्हाची तिरीप धरून जाळून काढलेलं. हे तंत्र तिथल्या जॉर्डन मांग-ओसान यांनी नावारूपाला आणलं. ढग आला की काम थांबतं. बागियोच्या चित्रकारांना असल्या साधनांचं वावडं कधी नव्हतं. 1987 साली तिथे बागियो आर्ट्स गिल्ड उभी राहिली. तिच्या उभारणीतले सांतियागो बोसे बांबू, ज्वालामुखीची राख असलं साहित्य वापरत.

फळी थंड डोंगरातून या सरोवराकाठच्या वेगळ्या हवेत आलीय. ती फुगणार किंवा आकसणार. कुया ती चिकटवायला तयार नाही. पाठीला चार धातूच्या पट्ट्या आणि स्क्रूला लांबट भोकं, म्हणजे फळीला हलायला वाव. चिकटवली तर मधोमध तडकेल. 1,400.

एकूण 4,600. बाई निम्मे देतात, 2,300.

मला वाटतं, प्रांतातला चित्रकार ओळखायचा तर विषय मागाहून बघावा, माल आधी बघावा. डोंगर आणि शेत कुणीही काढतं. माती, फळी, पोत्याचं कापड ही त्या त्या जागेची असतात. आणि ज्याला चित्र सांभाळायचं आहे, त्याला ती जागा समजून घ्यावीच लागते.

दुपारी 12.15
भात आणि कांदुली. कांदुली हा सरोवरातला मिशीवाला मासा, आंबट रश्श्यात. चौघांचं जेवण 260 पेसो. बाईही थांबल्यात. त्या सेबू बेटाबद्दल बोलतात. कारकार गावच्या मार्तिनो आबेलाना यांना सेबूच्या चित्रकारांचे गुरू मानतात. त्यांचं काम आता बाईंच्या आवाक्याबाहेर गेलंय. पण तिथल्याच सेबू शहरात हुलियान हुमालोन यांनी फुलपाखरांच्या मोडक्या पंखांचे तुकडे जोडून केलेली चित्रं त्या तासभर बघत उभ्या होत्या.

“पंख?” कुया घास थांबवतो. मग काही वेळ तो जेवत नाही. टेबलावर बोटाने चौकोन काढतो, आत दुसरा चौकोन काढतो. पंख कशाने धरायचे, ऊन कुठून येतं, काच किती लांब. हे काम त्याच्याकडे कुणी आणलेलं नाही. तरी तो ते करतोय.

दुपारी 1.15
फ्रेम जोडणी. सुतारी गोंद, कोपऱ्याचा शिकंजा, मागून वाकडी खिळी. कोपऱ्यात राहिलेली फट बुजवायला भाचा लाकडाचा भुसा गोंदात कालवतो. तयार लांबी आणली तर 180 पेसोंचा डबा. भुसा फुकट, आणि रंग त्याच लाकडाचा. मग काचपेपर, आधी 120 नंबर, मग 240. पंखा बंद ठेवावा लागतो, धूळ ओल्या वार्निशवर बसते. दोघांच्या पाठी भिजल्यात.

दुपारी 2.40
एक माणूस गाडीतून उतरतो. इस्त्रीचा शर्ट, हातात पुठ्ठ्याचं खोकं. त्यात लावानितवर एक छोटं तैलचित्र, भातलावणीचं, सही नसलेलं. सोबत वेगळी जुनी फ्रेम, काळसर, खोदकामाची. हे चित्र त्या फ्रेमीत बसवायचं. जुनेच खिळे वापरायचे. 3,000 पेसो, आजच.

कुया बोर्ड पालथा घालतो. पाठ तपकिरी आहे, पण सगळीकडे सारखी तपकिरी. फ्रेमीच्या सावलीत राहिलेली कडा कुठेच फिकी नाही. चार खिळे जुने, गंजलेले. त्यांच्या भोकांच्या कडा पांढऱ्या.

“खिळा जुना, भोक नवं,” तो म्हणतो. खोकं परत सरकवतो.

आमोर्सोलो, बोतोंग, मानान्साला अशा मोठ्या चित्रकारांच्या नावावर बनावट चित्रं फिरतात, हे या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. चित्राला म्हातारं करायचं काम पुष्कळदा फ्रेमवाल्याच्या टेबलावर होतं. माणूस 4,000 म्हणतो. कुया पंखा सुरू करतो आणि भाच्याला वार्निश ढवळायला सांगतो. गाडी निघून जाते. त्यावर तो पुढे काही बोलत नाही. मी मात्र इथे लिहून ठेवतो की 4,000 पेसो म्हणजे भाच्याचे आठ दिवस, आणि ते या माणसाने माझ्यासमोर नाकारले.

दुपारी 4.00
मोटारसायकल थांबते. एक पंजाबी तरुण, मांडीवर वही. घरोघर, दुकानोदुकानी कर्ज देणाऱ्या या भारतीयांना इथे बुंबाय म्हणतात आणि त्यांच्या व्यवहाराला फाइव्ह-सिक्स: 5 घ्या, 6 फेडा. कुयाने काचेच्या मोठ्या खरेदीसाठी 5,000 उचलले होते. रोज 100 असे 60 दिवस. बँकेत कागद लागतात, इथे लागत नाहीत. मी मुंबईचा हे कळल्यावर तो मनापासून हसतो, 100 ची नोट घडी करून खिशात घालतो आणि पुढच्या दुकानाकडे वळतो.

दुपारी 4.30
पाच फ्रेमा कोलोंग-कोलोंगवर. चित्राचं तोंड चित्राच्या तोंडाकडे, पाठ पाठीकडे, म्हणजे कड्या रंगावर घासत नाहीत. वाटेत एका अंगणात हिगांतेचं डोकं वाळत ठेवलंय, अजून रंग न दिलेलं. वर्तमानपत्राच्या ओळी गालावर वाचता येतात.

प्रदर्शनाच्या सभागृहात कुया स्वतः चित्रं टांगतो. हे पैशांत धरलेलं नाही. पाच फ्रेमांचे 4,500 मिळतात, नोटा मोजून. शाळेचा शिपाई प्रमाणपत्रं न्यायला तिथेच येतो, 1,500.

संध्याकाळी 5.30
दुकानाच्या मागे एक खोली आहे. भिंतीवर छातीच्या उंचीला चिखलाची पुसट रेघ आहे. सप्टेंबर 2009 मध्ये ओंदॉय वादळात सरोवर गावात शिरलं आणि काठावरच्या वस्त्यांतून आठवडेच्या आठवडे हटलं नाही. या खोलीतली सगळी चित्रं त्या रेघेच्या वर आहेत. दोन फूट मोकळी जागा, मग पहिली रांग.

हा कुयाचा संग्रह. एकही चित्र नोटा देऊन घेतलेलं नाही. चित्रकाराकडे फ्रेमीचे पैसे नसले की तो चित्र देतो. वहीत 71 नोंदी आहेत: तारीख, नाव, माप, कशावर, कशाने, आणि कोणत्या फ्रेमांच्या बदल्यात. दोन नोंदींवर आडवी रेघ आहे. ती दोन मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी विकली. रेघेखाली लिहिलंय, 5 टक्के दिले.

एक चित्रकार भाड्याने चालवायची तीनचाकी, ट्रायसिकल, बाहेर लावून आत येतो. वय 34. दिवसा गाडी चालवतो, रात्री रंगवतो. गाडीमालकाला रोज 150 द्यायचे, मग उरेल ते आपलं. कुयाचे 1,800 थकलेत. त्याने तीन छोटी चित्रं आणलीत.

“उरलेलं आणलंस का चांगलं आणलंस?”
“कुया, तुम्हीच बघा.”

कुया आधी तिन्हींच्या पाठी बघतो. मग समोरून. खिडकीपाशी नेतो, तिरपं धरतो, म्हणजे रंगाचा थर कळतो. एक बाई हिगांतेच्या गालावर ओला कागद बसवतेय, तळव्याने, लहान मुलाचं तोंड पुसावं तशी. कुया ते निवडतो. बाकीच्या दोहोंतल्या एकाबद्दल म्हणतो, “आकाश घाईत संपवलंयस.” चित्रकार मान डोलावतो. वहीत 72वी नोंद होते आणि 1,800 वर रेघ पडते.

दुसरं मी विकत घेतो. लावानितवर अॅक्रिलिक, 12 बाय 16 इंच. पावसात उभी ट्रायसिकलांची रांग, प्लास्टिकचे पडदे ओढलेले, एका पडद्यामागे चालकाच्या फोनचा निळा उजेड. असा पाऊस बाहेरून पाहणाऱ्याला दिसत नाही, त्यात गिऱ्हाइकाची वाट बघत बसावं लागतं. 2,500 पेसो त्याने सांगितले, मी तेवढेच दिले. इथे घासाघीस करण्यासारखं मला काही दिसलं नाही.

संध्याकाळी 6.30
हिशेब. आले: 2,300, 4,500, 1,500. एकूण 8,300. गेले: लाकूड 2,400, काच 1,100, भाचा 500, जेवण 260, पेट्रोल 100, स्टेपल, गोंद आणि काचपेपर 310, फाइव्ह-सिक्स 100. एकूण 4,770. हातात 3,530. यातून भाडं, वीज आणि उद्याची कॉफी. असा दिवस जत्रेच्या महिन्यात येतो. जूनमध्ये, पाऊस लागला की, दोन-दोन दिवस कुणी फिरकत नाही.

वही मिटते. भाचा भुसा झाडून गोणीत भरतो.

संध्याकाळी 7.00
आता माझं चित्र. फ्रेम 650 पेसो, पट्टी सकाळच्या नाराच्या खिडकीतली. बाहेरदेशी न्यायचंय म्हटल्यावर तो म्हणतो की याला अडचण नाही. राष्ट्रीय कलाकारांची कामं कायद्याने संरक्षित आहेत, ती बाहेर न्यायची तर परवानगी काढावी लागते. बोतोंगचं असतं तर तुम्ही आज हात हलवत गेला असता.

पाठीच्या बोर्डावर तो पेन्सिलीने लिहितो. दमट हवेत शाई पसरते, पेन्सिल टिकते. चित्रकाराचं नाव, अंगोनो, वर्ष, लावानितवर अॅक्रिलिक, 2,500 पेसो, चित्रकाराकडून थेट. खाली माझं नाव आणि मुंबई.

“तुमच्याकडे पाऊस किती?”
“चार महिने. भिंती पाझरतात.”

तो कड्यांजवळ लावलेल्या बुचाच्या चकत्या पुन्हा काढतो आणि दुप्पट जाडीच्या बसवतो, म्हणजे फ्रेम आणि भिंत यांत हवा खेळेल. बाहेरच्या भिंतीवर टांगायचं नाही. पावसाळा संपला की उतरवायचं आणि पालथं घालून बघायचं. पांढरे ठिपके दिसले तर कोरड्या ब्रशने झटकायचे, ओलं फडकं लावायचं नाही.

चकत्यांचे 20 वेगळे. आजचा हिशेब मिटला होता, म्हणून माझे 670 पेसो त्याने उद्याच्या पानावर मांडले.